पाण्याखालचे चौदा दिवस

भात हे पाण्यातले पीक आहे, असे आपण सहज म्हणून जातो. खाचरात घोटाभर पाणी उभे असले की भात लावणारा शेतकरी निश्चिंत असतो. पण घोटाभर पाणी आणि डोक्यावरून पाणी यांत फार अंतर आहे. शेंडा पाण्याबाहेर असेल तोवर भाताचे रोप पाण्यात तग धरून उभे राहते. शेंडा बुडाला, की बहुतेक वाणांना मिळणारी मुदत साधारण एका आठवड्याची असते. त्यानंतर पूर ओसरतो तेव्हा शेतात उरतात ती पिवळी, लांबट, चिखलात आडवी पडलेली रोपे. ती पुन्हा उभी राहत नाहीत.

ओडिशाचा किनारा, उत्तर बिहार, आसाम, बांगलादेश या सखल प्रदेशांत हे जवळजवळ दरवर्षी कुठे ना कुठे घडते. भारत आणि बांगलादेश मिळून वर्षाकाठी सुमारे चाळीस लाख टन भात पुरात जातो आणि तेवढ्या धान्यावर तीन कोटी माणसांचे पोट भरू शकले असते, असा अंदाज या विषयावरच्या लिखाणात वारंवार दिला जातो. हे नुकसान मुख्यतः पाऊस पडेल तशी शेती करणाऱ्यांचे असते. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा लावणीसाठी रोप नसते, मजुरीला पैसे नसतात आणि हंगामाचे दिवसही उरलेले नसतात.

या आठवड्याचे दोन आठवडे कसे झाले, त्याची हकीकत या लेखात सांगायची आहे. सात दिवसांची ही वाढ मिळवायला अर्ध्या शतकाच्या आसपास काळ लागला. कारण त्यासाठी दोन वेगळ्या प्रकारची कामे एकत्र यावी लागली. एक काम गुणाचा शोध घेण्याचे : रोपातला एखादा गुण कोणत्या जनुकामुळे येतो, ते जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे आहे आणि ते काय करते, हे हुडकून काढणे. दुसरे काम वाण घडवण्याचे : शेतकरी जे बी पिशवीतून घरी नेईल, पेरेल आणि पुढच्या वर्षासाठी राखून ठेवेल, ते तयार करणे. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकाच कामाची दोन टोके वाटतात. प्रत्यक्षात दोन्हीकडची माणसे वेगळी, सवयी वेगळ्या आणि यशाच्या कसोट्याही वेगळ्या असतात. जनुक शोधणाऱ्याला एका प्रश्नाचे पक्के उत्तर हवे असते. पैदासकाराला एकाच रोपात वीस-पंचवीस गुण एकत्र नांदायला हवे असतात.

धलपुटियाचा वारसा

पूर सोसणारा भात शास्त्रज्ञांनी निर्माण केला नाही. तो ओडिशाच्या शेतांत आधीपासून होता. तिथल्या पूरप्रवण भागात शेतकरी धलपुटिया नावाचा देशी भात लावत. पूर येऊन गेल्यावरही जे रोप जगले त्याचेच बी पुढच्या वर्षी पेरायला मिळणार, हा तिथला साधा नियम होता. पिढ्यानुपिढ्या पुराने निवड केली आणि शेतकऱ्यांनी ती निवड राखली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ओडिशातल्या भात संशोधकांनी धलपुटियातून एक शुद्ध वाण निवडून काढला. त्याचे नाव एफआर १३ ए. नावातली पहिली दोन अक्षरे ‘पुराला दाद न देणारा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत.

१९७०च्या दशकात फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत देशोदेशींचे वाण टाक्यांत बुडवून तपासले गेले. त्या परीक्षेत जे मोजके वाण टिकले त्यांत एफआर १३ ए अगदी वरच्या रांगेत होता. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही त्याची रोपे पुन्हा हिरवी होत. म्हणजे गुण कुठल्या वाणात आहे, हे तेव्हापासून माहीत होते. तरीही त्यापुढची जवळजवळ तीस वर्षे शेतकऱ्याच्या हाती त्याचा फारसा उपयोग पडला नाही. हा उशीर का झाला, हे समजून घेतले की विषयाचा गाभा कळतो.

एफआर १३ ए उंच वाढतो, त्याचे उत्पन्न कमी आणि दाणाही बेताचा. त्याचा एकच गुण हवा होता, बाकीचे नको होते. पण संकरात अशी निवड करता येत नाही. दोन वाणांचा संकर म्हणजे डाळ आणि तांदूळ यांची खिचडी. एकदा शिजल्यावर डाळ वेगळी काढता येत नाही. संततीत दोन्हीकडची जनुके मिसळतात. भाताच्या १२ गुणसूत्र-जोड्यांवर हजारो जनुके असतात आणि ती सुटी सुटी जात नाहीत. गुणसूत्राचे मोठे मोठे तुकडे एकत्र पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे हव्या गुणाच्या शेजारी बसलेले नको ते गुणही सोबत येतात.

शिवाय हा गुण डोळ्यांना दिसत नाही. दाण्याचा आकार किंवा रोपाची उंची शेतात उभे राहून पाहता येते. पूर सोसण्याची ताकद रोप बुडवल्याशिवाय कळत नाही. म्हणून पैदासकाराला प्रत्येक पिढी पाण्याखाली ठेवावी लागे. त्यातही पाणी किती गढूळ, किती गरम, रोप किती दिवसांचे, यावर निकाल बदले. एका वर्षी जगलेले कुळ पुढच्या वर्षी मरे.

तरीही पैदासकारांनी हे केले. डेव्हिड मॅकिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस बान्योसला एफआर १३ ए पासून पुढे काही सुधारित वाण तयार केले. त्यांत पूर सोसण्याचा गुणही होता आणि उत्पन्नही बरे होते. त्यांपैकी एकाचा क्रमांक आयआर ४९८३० असा सुरू होतो आणि पुढे या हकिकतीत तो पुन्हा येणार आहे. पण शेतकऱ्यांनी हे वाण उचलले नाहीत. शेतकऱ्याला आपल्या मातीत, आपल्या बाजारात, आपल्या ताटात मुरलेला भात हवा असतो. दर चार-पाच वर्षांनी येणाऱ्या पुरासाठी तो मधल्या चांगल्या वर्षांचे पीक पणाला लावत नाही. हा हट्ट नव्हे, हा साधा हिशोब आहे.

पत्ता शोधताना

मॅकिल पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत गेले. तिथे केनाँग शू या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडला. पूर सोसणारा वाण कोणता, हे माहीत होते. आता तो गुण गुणसूत्रावर कुठे आहे, हे शोधायचे होते.

याची रीत समजायला अवघड नाही. पूर सोसणारे आणि न सोसणारे अशा दोन रोपांचा संकर करायचा. त्यांची नातवंडे घ्यायची, कारण नातवंडांत दोन्ही आजोबांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने वाटले जातात. मग प्रत्येकाच्या संततीला बुडवून पाहायचे : कोण जगले, कोण मेले. दुसऱ्या बाजूला प्रत्येकाच्या डीएनएवरच्या खुणा वाचायच्या. या खुणांना मार्कर म्हणतात. रस्त्यावरचे मैलाचे दगड जसे स्वतः गाव नसतात, पण गाव किती लांब आहे ते सांगतात, तशा या खुणा स्वतः गुण घडवत नाहीत, पण गुणसूत्रावरची जागा दाखवतात. जगलेल्यांमध्ये एखादी खूण पुन्हा पुन्हा एफआर १३ ए कडूनच आलेली दिसली, तर आपले जनुक त्या दगडाच्या आसपास आहे, असे धरायचे.

१९९६ मध्ये शू आणि मॅकिल यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेने जगण्या-मरण्यातला सुमारे ७० टक्के फरक उलगडत होता. त्या जागेला त्यांनी नाव दिले ‘सब१’. बुडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दातली ती पहिली अक्षरे. पिकातले महत्त्वाचे गुण बहुधा अनेक जनुकांत थोडे थोडे वाटलेले असतात. इथे एका जागेने एवढा भार उचलणे, हे अनपेक्षित भाग्यच होते.

जागा कळली म्हणजे तालुका कळला. घर शोधायला आणखी दहा वर्षे लागली. हजारो रोपे तपासून तो टापू आकसत आणावा लागला. या कामात डेव्हिसच्या पामेला रोनाल्ड आणि रिव्हरसाइड इथल्या ज्युलिया बेली-सेरेस यांचे गट सामील झाले. २००५ मध्ये भाताचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे ३९ कोटी अक्षरांचा तो मजकूर आता शास्त्रज्ञांसमोर उघडा होता. पण तो वाचला गेला होता निप्पोनबारे या जपानी वाणाचा, आणि नेमके हवे असलेले जनुक त्या वाणात नव्हतेच. जगातला सर्वांत नीट वाचलेला भाताचा ग्रंथ हाती असूनही हे पान त्यात सापडणार नव्हते. ते ओडिशाच्या शेतातल्या वाणातच शोधावे लागले.

गप्प राहण्याची कला

ऑगस्ट २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे जनुक जाहीर झाले : सब१ए. ते काय करते, हे कळण्यासाठी आधी बुडालेले रोप काय करते ते पाहायला हवे.

हवेपेक्षा पाण्यात वायू सुमारे दहा हजार पट हळू पसरतात. बुडालेल्या रोपाला प्राणवायू आणि कर्बवायू पुरेसे मिळत नाहीत, गढूळ पाण्यामुळे उजेडही मिळत नाही. त्याच वेळी रोपातला इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. इथिलीन आपल्या ओळखीचा आहे. आंब्याची आढी घालतो तेव्हा गवतात कोंडला जाणारा आणि फळे पिकवणारा वायू तोच. भाताच्या रोपात मात्र कोंडलेला इथिलीन वेगळी सूचना देतो : ‘पाणी चढले आहे, वाढ, वर ये.’ मग जिबरेलिन नावाचे संप्रेरक कामाला लागते आणि रोप झपाट्याने लांब होते. या जिबरेलिनचा शोधही भातातूनच लागला. जपानमध्ये एका बुरशीमुळे भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. त्या रोगाचा माग काढताना हे संप्रेरक हाती आले.

पाणी हळूहळू चढत असेल आणि महिनोन्महिने राहणार असेल, तर लांब होऊन शेंडा बाहेर काढणे शहाणपणाचे ठरते. पण पाणी अचानक येऊन आठ-दहा दिवसांत ओसरणार असेल, तर हीच धडपड जिवावर बेतते. पानांत, खोडात साठवलेली साखर आणि पिष्ट त्या वाढीत खर्च होते. पाणी उतरते तेव्हा रोप लांबट, पोकळ आणि कंगाल झालेले असते. त्याला स्वतःचा भार पेलत नाही आणि नवे पान काढायला गाठीला काही उरलेले नसते.

सब१ए हे जनुक या धडपडीला आवर घालते. इथिलीन साठू लागला की ते जागे होते आणि जिबरेलिनची हाक पुढे पोहोचू देत नाही. त्यासाठी वाढ रोखणारी काही प्रथिने ते पेशीत टिकवून धरते. रोप लांब होत नाही, साठा खर्च करत नाही, जवळजवळ निपचित पडून राहते. पाणी ओसरल्यावर त्याच साठ्यावर ते नवे पान फोडते. पुराशी न झगडता पूर जाऊ देणारे हे रोप आहे.

याला जोडून आणखी एक शोध लागला. २००९ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने खोल पाण्यात वाढणाऱ्या भातातली ‘स्नॉर्केल’ ही दोन जनुके जाहीर केली. ती रोपाला पाण्याबरोबर वर वर नेतात. ही जनुके आणि सब१ए एकाच कुळातली आहेत, एकाच इथिलीनच्या हाकेला ओ देतात आणि नेमके उलटे काम करतात. एक म्हणते पळ, दुसरे म्हणते थांब. पूर कोणत्या जातीचा आहे त्यावर यांतले बरोबर कोण हे ठरते. ‘पूर सोसणे’ हा एकच गुण नाही, हे इथे स्पष्ट झाले.

सोने गेले, भात राहिला

आता दुसऱ्या कामाकडे वळू. पैदासकारांनी जनुकाच्या शोधाची वाट पाहिली नाही. नवव्या गुणसूत्रावरचे मैलाचे दगड माहीत होते, तेवढ्यावर त्यांनी काम सुरू केले होते. म्हणूनच ‘नेचर’मधल्या त्या एकाच निबंधात दोन गोष्टी एकत्र आल्या : जनुक सापडल्याची, आणि आशियात मोठ्या क्षेत्रावर लावल्या जाणाऱ्या एका वाणात तो गुण उतरवून झाल्याची. शोध आधी आणि उपयोग मग, असा क्रम इथे नव्हता. दोन्ही कामे एकमेकांकडे पाहत पुढे सरकली.

तो वाण होता स्वर्णा. आंध्र प्रदेशातल्या मारुतेरू संशोधन केंद्रात तयार झालेला, बुटका, भरघोस उत्पन्न देणारा. पूर्व भारतात लाखो हेक्टरवर तो लावला जातो. तो एका गोष्टीत कमजोर होता : पाण्याखाली तो टिकत नसे. म्हणजे नवा भात तयार करायची गरज नव्हती. लोकांच्या शेतात असलेल्या भाताची एक उणीव भरून काढायची होती.

त्यासाठी बॅकक्रॉसची जुनी रीत वापरली गेली. मघाशी उल्लेख केलेल्या आयआर ४९८३० कुळातल्या वाणाशी स्वर्णाचा संकर केला. त्या संततीचा पुन्हा स्वर्णाशीच संकर. त्यांच्या संततीचा पुन्हा स्वर्णाशी. पहिल्या संकरात स्वर्णाचा वाटा निम्मा असतो. एका बॅकक्रॉसनंतर तो सरासरी ७५ टक्के होतो, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५. दर वेळी परका वाटा निम्मा होत जातो. नुसत्या या रीतीने स्वर्णाच्या अगदी जवळ यायला सहा-सात पिढ्या लागतात आणि प्रत्येक पिढीत रोपे बुडवून पाहावी लागतात.

मार्करमुळे बदल झाला तो इथे. रोप लहान असतानाच त्याच्या पानाचा तुकडा घेऊन तीन प्रश्न विचारता येऊ लागले. एक : सब१ची जागा पूर सोसणाऱ्या वाणाकडून आली आहे का? दोन : त्या जागेच्या दोन्ही अंगांना गुणसूत्र तुटून पुन्हा स्वर्णाचे झाले आहे का, की शेजारचा मोठा तुकडाही सोबत आला आहे? तीन : उरलेल्या गुणसूत्रांवर स्वर्णाचा वाटा सर्वांत जास्त कोणात आहे? शेकडो रोपांतून या तिन्ही चाळण्यांतून उतरणारे एखाददुसरे रोप पुढच्या संकरासाठी घ्यायचे. अशा निवडीने दोन-तीन बॅकक्रॉसमध्येच, दोन-तीन वर्षांत, काम उरकले. सी. एन. नीरजा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या रीतीचा तपशील प्रसिद्ध केला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा भात जनुक-अभियांत्रिकीने केलेला नाही. सब१ए हेच खरे जनुक आहे, याचा पुरावा मिळवताना प्रयोगशाळेत ते दुसऱ्या भातात घालून पाहिले होते. पण शेतात गेलेले बी हे फुलावर फूल चोळून केलेल्या संकराचे आहे. त्यामुळे त्याला जनुकबदल पिकांच्या परवान्यांच्या वाटेने जावे लागले नाही.

एवढी काटेकोर निवड करूनही एक शेजारी सोबत आलाच. स्वर्णाच्या साळीचे टरफल सोनेरी असते, नाव त्यावरूनच शोभते. नव्या वाणाचे टरफल फिकट, पेंढ्याच्या रंगाचे निघाले. कारण टरफलाचा सोनेरी रंग दाबणारा घटक नवव्या गुणसूत्रावर सब१च्या अगदी शेजारी बसला आहे. नाव सोन्याचे आणि रंग पेंढ्याचा, असा हा वाण झाला. आतला तांदूळ, शिजणे, उत्पन्न, सगळे स्वर्णाचेच. पैदासकार ज्या ‘नको त्या शेजाऱ्यां’विषयी बोलतात त्यांचा डोळ्यांना दिसणारा हा नमुना आहे. त्यातून एक सोयही झाली : साळ हातात घेतली की जुना स्वर्णा आणि नवा स्वर्णा-सब१ वेगळे ओळखता येतात.

सखल जमीन कुणाची

२००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. पुढे बांगलादेशातही तो अधिकृत वाण म्हणून आला. हीच जागा आयआर ६४, सांबा महसुरी अशा इतर लोकप्रिय वाणांतही उतरवली गेली.

प्रयोगशाळेतल्या टाकीत टिकलेले रोप खऱ्या पुरात टिकते का, हे वेगळे तपासावे लागते. ओडिशातल्या बालेश्वर आणि भद्रक जिल्ह्यांतल्या १२८ गावांत अर्थशास्त्रज्ञांनी असा प्रयोग केला. निम्मी गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथल्या काही शेतकऱ्यांना स्वर्णा-सब१चे थोडे बी दिले. २०११ च्या हंगामात त्या भागात पूर आला. मंझूर दार, आलँ द जाँव्री, काइल एमेरिक, एलिझाबेथ सादुले आदींनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. शेत दहा दिवस बुडाले तर स्वर्णाच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त उत्पन्न. आणि पूर आलाच नाही तर घट काहीच नाही. हे दुसरे वाक्य शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिल्याइतकेच मोलाचे आहे, कारण चांगल्या वर्षी काही गमवावे लागत असते तर त्याने हे बी हाती धरले नसते.

त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे. गावातली सखल, लवकर बुडणारी जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे तुलनेने जास्त आहे. उंचवट्यावरची चांगली जमीन कुणाकडे आणि ओढ्याकाठची, पाणथळ जमीन कुणाकडे, हे गावोगाव कसे ठरत आले, ते वाचकांना सांगायला नको. पूर सर्वांना सारखा बुडवत नाही. म्हणून पूर सोसणाऱ्या बियाण्याचा फायदाही आपोआप त्या खालच्या शेतांकडे जास्त जातो. रोपाच्या पेशीतले एक जनुक आणि गावच्या जमिनीची वाटणी यांचा असा संबंध लागेल, हे १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावर खुणा मोजणाऱ्यांच्या मनात क्वचितच आले असेल.

त्याच संशोधकांपैकी काहींनी पुढे असेही दाखवले, की हे बी हाती आल्यावर शेतकरी पुराच्या नसलेल्या वर्षीही वेगळा वागू लागला. त्याने खत जास्त वापरले, काळजीपूर्वक लावणी केली. सगळे वाहून जाण्याची भीती कमी झाली की माणूस शेतात पैसे घालायला धजतो. बियाण्याने पुरापासून जेवढे वाचवले, त्याच्या जोडीला धास्ती कमी केल्यामुळे झालेला हा लाभ आहे.

सगळेच गुण एका घरात राहत नाहीत

एवढ्यावरून प्रत्येक प्रश्नाला एक जनुक असते आणि ते सापडले की काम झाले, असे वाटू शकते. तसे नाही. सब१ची मर्यादा सब१मध्येच आहे. दोन आठवड्यांपलीकडे ते रोपाला वाचवत नाही. गुडघाभर, मांडीभर पाणी महिनोन्महिने साचून राहिले, तर तिथे त्याचा उपयोग नाही. पेरल्या पेरल्या बी बुडाले तर त्यासाठी वेगळे जनुक लागते आणि ते म्यानमारच्या एका देशी भातात सापडले आहे.

दुष्काळ तर त्याहून अवघड. आपल्याकडची रब्बी ज्वारी पाहा. सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या काळ्या रानात ती पाऊस संपल्यावर पेरली जाते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसात दाणा भरण्याच्या वेळी ओल संपत आलेली असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण अजूनही शेतकऱ्याच्या मनातून उतरलेला नाही. त्याची भाकरी आणि कडबा यांना तोड नाही, असे तो म्हणतो. या ज्वारीला शेवटच्या कोरड्या दिवसांत हिरवी ठेवता येईल का, हा संशोधकांचा जुना प्रश्न आहे. इथिओपियातल्या देशी ज्वारीपासून आलेल्या एका वाणात पाने उशिरापर्यंत हिरवी राहण्याचा गुण आहे. त्यामागे गुणसूत्रांवरच्या चार मुख्य जागा सांगितल्या जातात. त्या जागा फुलोऱ्याआधी फुटवे आणि पाने आवरती ठेवतात आणि अशी वाचवलेली ओल दाणा भरताना कामी येते, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात दिसले आहे. पुन्हा तोच संयम, फक्त पाण्याखाली नव्हे, पाण्यावाचून.

पण इथे चार जागा आहेत, प्रत्येकीचा परिणाम थोडा, आणि तोही जमीन किती खोल, पाऊस कधी थांबला, कोणत्या वाणात ती जागा घातली, यावर बदलणारा. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत या जागा इतर ज्वारींत उतरवण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. त्यात स्वर्णा-सब१सारखी एका जनुकाची सरळ गोष्ट नाही. जिथे गुण असा विखुरलेला असतो तिथे शोधाची रीतही बदलावी लागते. एकेका जनुकाचे घर शोधत बसण्याऐवजी हजारो खुणांचे लहान लहान परिणाम एकत्र मोजून कोणते रोप चांगले निघेल याचा अंदाज बांधायचा, ही २००१ मध्ये पशुपैदाशीच्या संशोधनातून मांडलेली पद्धत आता पिकांतही रूढ होते आहे. इथे शोध आणि पैदास यांच्यातली सीमारेषा आणखी पुसट होते. कारण पैदासकार शेतात जी मोजमापे घेतो, तीच शोधाची सामग्री असते.

राखून ठेवलेले बी

सब१च्या यशात तीन हात आहेत. जनुकाचा पत्ता शोधणारे, तो पत्ता वापरून स्वर्णा बदलणारे, आणि त्या दोघांच्याही आधी धलपुटियाचे बी वर्षानुवर्षे राखणारे. पहिल्या दोघांची नावे निबंधांवर छापलेली आहेत. तिसऱ्यांची कुठे लिहिलेली नाहीत. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने वाण राखणाऱ्या शेतकरी समूहांचा वाटा मान्य केला आहे आणि त्यासाठी निधीची तरतूदही केली आहे. कायद्यात आलेली ही कबुली महत्त्वाची आहे. ती शेतापर्यंत किती पोहोचते, यावर तिचे मोल ठरेल.

यात एक पेच आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. स्वर्णासारखा चांगला वाण आला की शेतकरी तोच लावतो आणि धलपुटियासारखे वाण शेतातून जातात. स्वर्णाची उणीव भरून काढणारे जनुक मात्र अशाच मागे पडलेल्या वाणात मिळाले. लॉस बान्योसच्या बीजपेढीत सव्वा लाखाहून अधिक भाताचे नमुने थंडीत जपलेले आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण बीजपेढीतले बी पूर पाहत नाही, नवी कीड पाहत नाही, उशिरा येणारा पाऊस पाहत नाही. ते जिथे थांबले तिथेच थांबते. शेतातले बी दरवर्षी परीक्षेला बसते.

जनुके वाचण्याचा खर्च आता पूर्वीच्या मानाने फारच कमी झाला आहे. उद्या आणखी जागा सापडतील, पत्ते मिळतील. ते कोणत्या वाणात घालायचे, हे ठरवायला शेतकऱ्याने कोणता भात हाती धरला आहे हे पाहावे लागेल, आणि ते आणायचे कुठून, हे ठरवायला कुणाच्या तरी कणगीत जुने बी शिल्लक असावे लागेल. ओडिशाच्या सखल रानात कुणीतरी, पूर ओसरल्यावर, चिखलातून उभ्या राहिलेल्या रोपांच्या लोंब्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. नवव्या गुणसूत्रावरचा पत्ता तिथून सुरू झाला.